कास्टिंगच्या बॉसमधली भोकं जात नाहीत, कारण ती बहुधा ब्लो होल नाहीतच

तुमचा प्रश्न असा: स्टीलच्या ओतीव ब्रॅकेटचा जाड बॉस (बाहेर आलेला जाडसर उंचवटा) ड्रिल करताना आत भोकं निघतात, वाळूतला ओलावा कमी केला तरी हे ब्लो होल (अडकलेल्या वायूची भोकं) जात नाहीत. शिवाय कास्टिंगच्या दोषांची सगळी नावं हवीत. यादी राहू द्या. भोक दिसलं की ब्लो होल म्हणायचं आणि वाळूवाल्याला धरायचं, या सवयीची मला चीड आहे.

बॉस कापा आणि भिंगातून बघा. भोक गोलसर, आतून गुळगुळीत असेल तर वायू अडकलाय. आतून खडबडीत, फांद्या फुटल्यासारखं असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी. जागाही बोलते: ब्लो होल बहुधा वरच्या कातडीखाली किंवा कोअरलगत (साच्यात पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यालगत) सापडतो. श्रिंकेज सापडतो रस, म्हणजे वितळलेला धातू, शेवटी गोठतो तिथे. जाड बॉसच्या पोटात म्हणजे नेमका तिथेच.

गोठताना स्टील आकारमानाने साधारण ३ टक्के आकसतं. तेवढा रस रायझरने (साच्यातल्या राखीव रसाच्या कप्प्याने) पुरवायचा असतो, म्हणून रायझर बॉसच्या नंतर गोठला पाहिजे. आकारमान भागिले थंड होणारं पृष्ठफळ, हा झाला मॉड्यूलस. बॉस ५० मिमीचा घन धरला तर तो ८.३ मिमी येतो. रायझरचा १.२ पट, म्हणजे १० मिमी हवा: ६० मिमी व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा दंडगोल. हा किमान आकार, त्यात पुरेसा रस मावतो का ते वेगळं तपासा. आणि रायझर मोठा करून त्याला बॉसशी जोडणारी मान बारीक ठेवलीत तर मान आधी गोठते, मग रायझर नुसताच वर उभा. बॉसला रायझर जोडायला जागाच नसेल तर तिथे चिल (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसवा.

वाळू मात्र आणखी कोरडी करू नका. कडा चुरतात, वाळू रसात जाते आणि सँड इन्क्लूजन हा नवा दोष पदरात पडतो. कोल्ड शटच्या (रसाचे दोन प्रवाह थंड होऊन न जुळण्याच्या) भीतीने रस जास्त तापवत असाल तर श्रिंकेज आणि वायू दोन्ही वाढतात.

हा १.२ चा हिशोब ग्रे आयर्नला (ओतीव लोखंडाच्या एका प्रकाराला) जसाच्या तसा लावू नका. त्यात गोठताना ग्रॅफाइट वेगळं होतं आणि त्या प्रसरणाने बरीचशी तूट भरून निघते, पण साचा ढिला ठोकलेला असेल तर भिंती मागे सरकतात आणि तो फायदा जातो. ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन आणि श्रिंकेज एकाच पोकळीत भेटतात, तिथे भिंगाचा निकाल नेहमीच स्पष्ट येत नाही.