मशीन लावली, मग बोलायचं कशाला?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी डोक्याला मशीन लावायला सांगितलंय, मग समुपदेशनाची काय गरज?

अण्णांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, पन्नाशी उलटलेली. गारपिटीनं बाग झोडपली, कर्ज डोक्यावर राहिलं आणि माणूस खाटेला चिकटला. दोन औषधं पुरेसे दिवस घेऊनही म्हणावा तसा फरक नव्हता. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी चुंबकीय उत्तेजन, म्हणजे आरटीएमएस, सुचवलं आणि सोबत माझ्याकडे पाठवलं.

त्यांच्या पत्नी, काकू, घाबरलेल्या. "शॉक देणार का हो यांना?"

नाही. शॉकचा उपचार वेगळा, तो भूल देऊन करतात आणि फार गंभीर आजारात आजही उपयोगी पडतो. यात माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला. कपाळाच्या डाव्या बाजूला वर एक कॉइल टेकवतात, टकटक आवाज येतो. आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे. डोकं दुखू शकतं, फिट येणं फार क्वचित. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसवलेलं यंत्र किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचंच. अमेरिकेत २००८ पासून नैराश्यासाठी याला मान्यता आहे.

पहिले दोन आठवडे अण्णा माझ्यासमोर "हूं" एवढंच म्हणाले. मी बांधापर्यंत जाऊन या म्हणायचे, ते मान हलवायचे आणि जायचे नाहीत. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

तिसऱ्या आठवड्यात काकूंनी सांगितलं, "काल दुसरी भाकरी मागितली." अण्णा मात्र म्हणाले, "अंगात जीव आलाय मॅडम. पण मन म्हणतं, तू बुडव्या."

इथे मी थांबले. अंगात बळ परततं आणि मन अजून काळंच असतं, तेव्हा जास्त सावध राहावं लागतं. सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो?" म्हणाले, "मागच्या महिन्यात यायचा." औषधं-फवारण्या कुलपात ठेवायचं, किल्ली काकूंकडे, हे त्याच दिवशी ठरवलं. घरच्यांनीही असं विचारायला भिऊ नये. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तोही लिहून दिला.

मग विचारलं, "शेजारच्याचीही बाग गेली ना? तो बुडव्या?"

"छे! त्याला गारपीट लागली."

"आणि तुम्हाला?"

ते खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मीही बोलले नाही. माझी शिकवण विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे चुकीचा विचार तर्कानं तपासायची, त्यामुळे मुद्दा मांडायला जीभ शिवशिवते. त्या दिवशी ती आवरली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

शेवटी अण्णाच म्हणाले, "ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावतो आम्ही. त्यानं डोळे एकसारखे फुटतात. पण फुटलं की फेलफूट, नको ती फूट, काढायला माणूसच लागतो. नाहीतर नुसता पाला. ही मशीन म्हणजे पेस्ट झाली की हो!"

इतकी वर्षं मी हेच समजावत होते, इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं. मशीन मेंदूचा थिजलेला भाग हलवते, पण तू नालायक आहेस हे वाक्य कापत नाही. ते कापायला, आणि रोज बांधापर्यंत पाय न्यायला, बोलणं लागतं. उलट, मेंदू इतका थिजलेला असतो की माझे शब्द तिथं पोचतच नाहीत, हेही अण्णांच्या त्या दोन आठवड्यांनी मला शिकवलं. नेदरलँड्समध्ये १९६ रुग्णांना दोन्ही उपचार सोबत दिले आणि त्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले. सुमारे दोन तृतीयांश जणांना चांगला प्रतिसाद मिळाला. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून तो आकडा मी कुणाला हमी म्हणून सांगत नाही. प्रत्येकाला गुण येतो असंही नाही. मात्र चालू औषधं मनानं बंद करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मशीनचा शेवटचा दिवस जवळ आला तसे अण्णा कातावले, "आता पुन्हा खाली जाईन का?" आम्ही पंधरा दिवसांनी भेटायचं ठरवलं. पहिल्याच मंगळवारी सकाळी फोन आला.

"आज येत नाही मॅडम. छाटणीची टोळी आलीय, सरी दाखवायला मी लागतो."

शुक्रवारची वेळ दिली.