शिसव की शिसम? देव्हाऱ्याचे लाकूड निवडताना

घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या घरासाठी आपल्याला शिसवी देव्हारा करवून घ्यायचा आहे आणि वखारीत दाखवलेले ‘शिसम’ म्हणजे शिसवच का, असे आपण विचारले आहे. बहुधा नाही. या नावाने सहसा मिळते ते उत्तर भारतातले शिसू, म्हणजे डाल्बर्जिया सिसू. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारा शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. शिसू मुळीच वाईट नाही, फक्त त्याला शिसवाचा भाव देऊ नये.

फळीवर रंधा मारून ताजा पृष्ठभाग पाहावा. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी असून त्यात काळसर रेषा असतात आणि कापताना मंद गोडसर वास येतो. शिसू सोनेरी तपकिरीकडे झुकते. वजनावर फार विसंबू नये, कारण घनफुटाला शिसव सुमारे २४ किलो आणि साग १८ किलो भरत असला, तरी शिसू शिसवाच्या बरेच जवळ जाते. कोणतेही घ्या, कडेचे पांढरट लाकूड मात्र काढून टाकायला सांगा. गाभा टिकाऊ असतो, पण त्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो.

शिसवाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यात चुनखडीचे कण सापडतात, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. स्क्रूसाठी आधी भोक पाडावेच लागते. भुशाने त्वचेला व श्वासाला त्रास होऊ शकतो, म्हणून काम घरातच होणार असेल तर सुताराने मास्क लावावा.

खाडीकाठच्या दमट हवेची आपली शंका रास्त आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगते, लांबीत जवळपास नाही. मी एप्रिलमध्ये केलेले घट्ट बसते खण जुलैत उघडेनात, तेव्हा दोष लाकडाचा नसून माझ्या मापाचा होता. म्हणून दाराच्या फळ्या चौकटीच्या खाचेत डिंक न लावता मोकळ्या बसवाव्यात आणि खणाला थोडी फट ठेवावी. लाखेचे पॉलिश भर पावसात करू नये, त्यावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्याला बरे.

जुन्या घराचे शिसवी दार किंवा पलंग मिळाला, तर मी नव्या फळीआधी तोच घेईन. लाकूड मुरलेले असते. आत राहिलेले खिळे तेवढे चुंबकाने शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाईल.