हात दिसला की फुस्स!

प्रश्न: माझ्याकडे दीड वर्षाचा नर व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) आहे, आणून चार महिने झाले. पिंजऱ्याचं दार उघडलं की काळाकुट्ट होतो, गळा फुगवतो, तोंड वासून फुस्स करतो, परवा तर बोटाला असा चावला की रक्तच आलं. सवय व्हावी म्हणून रोज अर्धा तास हातात धरतोय पण उलट जास्तच चिडतोय. काय चुकतंय?

उत्तर: ते रोज अर्धा तास धरणंच चुकतंय हो! तो चिडलेला नाहीये, घाबरलाय. झाडावर राहणाऱ्या या प्राण्यावर पक्षी वरून झडप घालतात आणि तुमचा हातही वरूनच येतो ना, मग तो फुगून, तोंड वासून स्वतःला मोठा दाखवतो, तरी तुम्ही उचलताच, मग राहिलं काय, चावणं. त्यात व्हेल्डचे नर मुळातच तापट, दुसरा नर नजरेला पडला तरी पिसाळतात, म्हणून काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का तेही बघून घ्या.

आता महिनाभर उचलणं बंद. पिंजरा उंचावर ठेवा, तो तुमच्याकडे खाली बघेल असा, निम्मी भीती तिथेच जाते. रोज दार उघडून हात खालच्या बाजूला नुसता स्थिर ठेवायचा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, फुस्स केलं की आहे तिथेच थांबायचं. मग चिमट्याने किडा द्या, पुढे तळहातावर. माझ्या नराने पहिले तीन आठवडे हाताकडे ढुंकून पाहिलं नाही, एक डोळा माझ्यावर, दुसरा किड्यावर, आणि एक दिवस फट्कन जीभ आली, ती चिकट टोकाची थाप तळहाताला लागली तेव्हा मीच दचकलो!

त्यानंतरच हात फांदीसारखा त्याच्या पुढच्या पायांसमोर, छातीच्या थोडा खाली धरा, यायचं तर येईल. ओढून काढायचं नाही अजिबात, पाय चिमट्यासारखे फांदीला घट्ट धरलेले असतात, नखं उपटतात. आला तरी पाचेक मिनिटं पुरे. खरं सांगू का, काही नर कधीच हातावर येत नाहीत, मग नुसतं बघायचं, तोही आनंदच आहे. कॅमेलियनला लाड आवडतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो फारतर आपल्याला सहन करतो.

सकाळी सकाळी काळपट दिसला तर लगेच राग समजू नका, ऊन घ्यायलाही रंग गडद करतात. पण दिवसा डोळे मिटून बसत असेल, पाय वाकडे वाटत असतील किंवा खाणं सुटलं असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे न्या, युव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) आणि कॅल्शियम कमी पडलं की हाडं दुखतात आणि दुखणाऱ्याला हात लावला की तो चावणारच. आणि चावला असो नसो, हात साबणाने धुवा, यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.