क्रिस्टल तर त्रिमितीय आहे, मग त्यातलं अँटिफेरोमॅग्नेटिझम (शेजारचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे छोटे चुंबक, एकमेकांच्या उलट दिशेने लागणं) एकमितीय की द्विमितीय हे कॉम्प्युटरवर कसं ठरवायचं?

नुसतं स्ट्रक्चरचं चित्र बघून ठरवू नकोस, तिथेच फसायला होतं. ठाणे स्टेशनला वाशी लोकलसाठी खेटून उभे असलेले दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत आणि त्यातलाच एक फोनवर पनवेलच्या कोणाशी तरी तासभर बोलतो, स्पिनचं तसंच आहे, नुसत्या अंतराला अर्थ नाही.

म्हणून आधी रेणूंच्या सगळ्या वेगवेगळ्या शेजारी जोड्या काढायच्या, लांबच्यापण, आणि प्रत्येकीचा J (दोन स्पिन एकमेकांशी किती जोरात बांधलेत तो आकडा) डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून एनर्जी काढायच्या पद्धतीने, काढायचा, हाय स्पिन (दोन्ही स्पिन एकाच दिशेला) आणि ब्रोकन सिमेट्री (दोन्ही उलट दिशेला) अशा दोन एनर्जींमधल्या फरकावरून. मग ज्यांचा J दखल घेण्याइतका आहे फक्त त्या जोड्या जोडत जायचं, साखळी झाली की एकमितीय, जाळी झाली की द्विमितीय. कॉपर पायराझिन नायट्रेट बघ, साखळीतला J साधारण 10 केल्विन पण ऑर्डरिंग (सगळ्या क्रिस्टलभर स्पिन शिस्तीत लागणं) होतं जेमतेम 0.1 केल्विनला, साखळ्या एकमेकींना जवळपास विचारतच नाहीत!

शेवटी या जाळ्याच्या छोट्या तुकड्याचा हॅमिल्टोनियन (त्या J वरून बनणारं एनर्जीचं मॅट्रिक्स) डायगोनलाइज करून, म्हणजे त्यातून एनर्जीच्या पातळ्या काढून, ससेप्टिबिलिटीचा (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचा) तापमानानुसारचा कर्व्ह प्रयोगाशी जुळवायचा, तुकडा वाढवूनही कर्व्ह हलला नाही तर पुरे. आणि हो, सीआयएफ फाइल (क्रिस्टलमधल्या अणूंच्या जागांची फाइल) कमी तापमानाची घे, मी रूम टेंपरेचरची घेऊन आठवडा घालवलाय.