घरातल्या उपकरणांचे सेल नेमके ऐन वेळी संपतात. ते जास्त दिवस टिकावेत म्हणून काय करावं?

तुम्ही प्रश्नात रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, बीपीचं मशीन आणि वडिलांचं कानाचं मशीन अशी यादी दिली आहे. पहिल्या तिन्हींचं खाली सांगते. पण कानाचं मशीन तुम्ही रिमोटच्या रांगेत बसवलंत, तिथे मी अडखळले. आमच्या घरीही ते तसंच बसवलं होतं आणि त्यापायी माझ्या वडिलांना पाच महिने भ्रम झालेला माणूस म्हणून काढावे लागले.

अण्णा प्राथमिक शिक्षक. सगळी नोकरी संगमेश्वर तालुक्यात, घरही तिथलंच. सत्तरीनंतर ऐकू कमी येऊ लागलं. २०१७ मध्ये दादाने त्यांना रत्नागिरीला नेऊन मशीन घेऊन दिलं, डाव्या कानाचं. १३ नंबरचा सेल, नारिंगी स्टिकरचा. मशीन आलं आणि सकाळी सात पाचच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या, ओटीवर माणसं येऊन बसायला लागली. सेलचं सगळं अण्णा स्वतः बघत. दर दहा दिवसांनी, चालू असला तरी, जुना काढून नवा घालायचे. शाळेतल्या हजेरीइतकं नेमाने.

२०१९ च्या सुरुवातीला त्यांच्या बोटांना कंप सुटला. तो बारीक स्टिकर निघेना, सेल हातातून पडून कोचाखाली जाई. मग दादाने काम हातात घेतलं. दादा वाईट माणूस नाही, हे आधीच लिहिते. अण्णांचं त्याने जेवढं केलं तेवढं मी केलेलं नाही, मी डोंबिवलीला. पण त्याने दोन गोष्टी बदलल्या. एक, दहा दिवसांचा नियम मोडला. "चालू सेल टाकायचा कशाला? पूर्ण संपू दे, मग बदलू." दोन, अण्णांना एकट्याला बदलायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून पट्टीतल्या सहाही सेलांचे स्टिकर एकदमच काढून तो ते एका डबीत ठेवायला लागला. पावसाळा आला तशी डबी फ्रीजमध्ये गेली.

एप्रिलपासून वहिनींचे फोन. अण्णांना भास होतात. जेवता जेवता उठतात, ओटीवर जाऊन बघतात, "कोण वाजवतंय?" म्हणतात. कुणी नसतं. येऊन बसतात, थोड्या वेळाने पुन्हा तेच. एकदा दिवेलागणीला बॅटरी घेऊन खळ्यात उतरले. आणि त्यानंतर असे गप्प होतात की हाक मारली तरी मान वळत नाही. संध्याकाळी बघावं तर पुन्हा व्यवस्थित, नातवाचे पाढे घेतायत. शेजारच्या काकी म्हणाल्या देवळात गाऱ्हाणं घाला. तेही घातलं.

मग एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" अण्णांनी उत्तर दिलं, "बीपी आहे आणि गुडघे." वहिनी हे मला फोनवर सांगताना रडत होत्या. मीही ऐकून रडले, आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही की अण्णांना 'आजार कोणता' असं ऐकू आलं होतं. त्या दिवशी मशीनमधला सेल किती दिवसांचा होता हे कुणी विचारलं नाही. झोपेची गोळी सुरू झाली. त्यानंतर अण्णा सकाळच्या बातम्यांना उठेनासे झाले.

गणपतीला मी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पान वाढलेलं असताना अण्णा उठले. दादा म्हणाला, "बस तू, येतील परत." मी मागे गेले. ओटीवर कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "अण्णा, कसं वाजतंय?" पाच महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. सगळे सांगत होते की काही वाजत नाहीये. अण्णांनी बाकावर बोटाने चार ठोके दिले. मग थांबून म्हणाले, "थोड्या वेळाने परत चार," आणि डाव्या कानाकडे बोट नेलं. दहा मिनिटांत मशीन बंद पडलं.

मी सेल बदलला. काढलेला टाकला नाही, बाजूला ठेवला. संपलेला सेल थोडा वेळ मोकळा राहिला की जरासा सावरतो. अर्ध्या तासाने तोच मशीनमध्ये घालून मशीन माझ्या कानात धरलं. चालू झालं. काही मिनिटांनी आतून टूं टूं टूं टूं. चार वेळा, अण्णांनी बाकावर वाजवले तसेच.

सेल संपत आल्याची ती सूचना होती. कानाचं मशीन ती फक्त घालणाऱ्याला ऐकवतं, शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. रिमोटचा सेल गेला की घरभर कळतं. इथे एका माणसाला खरंखुरं काहीतरी ऐकू येतं आणि उरलेलं घर त्याला सांगतं की तुला भास होतोय. अण्णांनी दोन वर्षं तो आवाज ऐकलाच नव्हता, कारण ते संपायच्या आधी सेल बदलत. मशीन घेताना दुकानात सांगितलं असणार, पण तेव्हा अण्णांना ऐकू येत नव्हतं आणि दादा पैसे देत होता.

आता सेलचं. कानाच्या मशीनचा सेल झिंक-एअर जातीचा असतो. आत जस्त, आणि लागणारा ऑक्सिजन तो बाहेरच्या हवेतून घेतो. स्टिकरखाली त्यासाठी बारीक भोकं असतात. स्टिकर निघाला की सेल जागा झाला, मग मशीनमध्ये असो वा डबीत, तो झिजणारच. स्टिकर परत चिकटवून काही होत नाही. दादाने सहा सेल एकदम उघडले, म्हणजे पहिला धड चालला, पुढचे डबीत पडून सुकले किंवा दमटले आणि शेवटचे दोन-तीन दिवसांत गेले. कोकणच्या पावसाळ्यात हवेतलं पाणीही आत शिरतं. फ्रीजमधून काढलेल्या सेलवर दव धरतं आणि ती भोकंच बुजतात. एप्रिल ते सप्टेंबर अण्णांच्या कानात सारखं टूं टूं का होत होतं, त्याचं हे उत्तर.

आणखी एक गोष्ट दादाला अजून पटत नाही. त्याचं म्हणणं, सेल उतरायला लागला की आवाज आधी बारीक व्हायला हवा होता, बॅटरीचा उजेड पिवळा पडतो तसा. झिंक-एअर तसं वागत नाही. नवा असताना सुमारे १.४ व्होल्ट, मग जवळजवळ शेवटपर्यंत एका पातळीवर, आणि शेवटी एकदम घसरगुंडी. दादाचं ज्ञान ट्रान्झिस्टरच्या मोठ्या सेलांवरचं आहे. लहानपणी आम्ही ते सेल खळ्यातल्या तापलेल्या दगडावर ठेवायचो, दादा तर दातांनी चेपायचा, आणि रात्रीची श्रुतिका ऐकण्यापुरता जीव त्यांत यायचा. ते खोटं नव्हतं. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते, चेपल्याने आतला लगदा पुन्हा नीट टेकतो. पण जस्त काही नवं तयार होत नाही. उलट त्या जुन्या सेलांचं डबडंच जस्ताचं असे. ते पातळ होऊन फुटलं की आतला पाझर स्प्रिंगा खाऊन टाकी. आमचा ट्रान्झिस्टर असाच गेला. काटकसर आम्हाला अण्णांनीच शिकवली, हे मला मान्य आहे. पण कानाचा सेल अण्णा दहाव्या दिवशी टाकत. तो फरक त्यांना कळत होता.

दादा आजही म्हणतो, "सेलचं निमित्त झालं, वयच झालं होतं." म्हणून हिशेब लिहिते. त्या सप्टेंबरपासून वहिनींनी कालनिर्णयच्या चौकटीत प्रत्येक सेलची तारीख लाल पेनने लिहिली, दर दहा दिवसांनी नवा सेल, एका वेळी एकच स्टिकर. दिवाळी गेली, नाताळ गेला, अण्णा एकदाही ओटीवर उठून गेले नाहीत. रत्नागिरीला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, नवा सेल घालून. तेव्हा अण्णांनी वार, तारीख आणि तिथी तिन्ही सांगितलं. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. सहा सेलची पट्टी तेव्हा आम्हाला दीडशे-दोनशेला पडायची. दहाव्याऐवजी बाराव्या दिवशी बदलून महिन्याला पंधरा रुपये वाचले असतील. दादा, त्या पंधरा रुपयांसाठी आपण त्यांना झोपेची गोळी दिली. हे मी तुला तोंडावर बोलले आहे, इथेही लिहिते.

आता तुमचं बाकीचं. घड्याळ आणि रिमोटला महागडे सेल घालू नका, साधा झिंक-कार्बन पुरतो. वर्षाकाठी एक दिवस ठरवून बदलून टाका, आम्ही पाडव्याला बदलतो. बीपीच्या मशीनला मात्र अल्कलाइनच. त्यातला पंप हवा भरताना एकदम जास्त करंट ओढतो. रिमोटमध्ये चालणारा अर्धमेला सेल तिथे बसवला की पट्टा निम्मा फुगतो आणि एरर येते. बीपीच्या बहुतेक मशीनला ॲडॉप्टर जोडता येतो, तो घेऊन ठेवा. जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही, कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरे त्याला उलटा ढकलतात आणि तो पाझरतो. पाझरलेल्या अल्कलाइनचा पांढरा थर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. संपलाय की नाही हे बघायला माझा भाचा पेन्सिल सेल फरशीवर उभा टाकतो, उसळला तर जुना. ही युक्ती प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तपासली होती. सेल उसळायला लागला म्हणजे निम्म्याच्या आसपास वापरला गेलाय एवढंच त्यातून कळतं, पार संपलाय असं नाही. आणि हे अल्कलाइनपुरतंच.

वडिलांच्या मशीनचं एवढंच करा. स्टिकर एका वेळी एक. काढल्यावर दोन-चार मिनिटं सेल हवेत राहू द्या, मग घाला. रात्री मशीन काढलं की झाकण उघडं ठेवा. फ्रीज नको, खिशात नाण्यांबरोबर नको. तो किती दिवस चालतो हे एकदा मोजा आणि त्याच्या दोन दिवस आधीच बदला. आणि त्यांना शेजारी बसवून ती सूचना एकदा ऐकवा. बोटं साथ देत नसतील तर चार्जिंगची मशीनं मिळतात. आमच्याकडे वीज जाते म्हणून आम्ही घेतलं नाही. तुमच्याकडे जात नसेल तर जरूर घ्या.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. घरात लहान मूल असेल तर हे बारीक सेल आणि वजनकाट्यातले नाण्यासारखे लिथियम सेल कुलपात ठेवा. लिथियमचा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं, लगेच दवाखाना गाठावा लागतो. आणि म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येत असतील तर प्रत्येक वेळी सेलच असेल असं नाही. सेल बदलून बघा आणि तरीही डॉक्टरांना दाखवा, चालू गोळी मनाने बंद करू नका. अण्णाही शेवटच्या वर्षी नावं विसरायला लागले होते, हे दादाचं म्हणणं खरं आहे. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे १२ टाळता येण्यासारखे घटक दिले आहेत, त्यांत ऐकू कमी येणं आहे. म्हणजे वय झालं होतं म्हणूनच तर सेल ताजा हवा होता.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर दोन महिन्यांनी कपाट आवरताना त्यांची शेवटची पट्टी सापडली. चार सेल, चारही स्टिकर जागच्या जागी, मागे छापलेली तारीख अजून पुढची. गाऱ्हाणं घाला म्हणणाऱ्या काकींना तोवर मशीन लागलं होतं, त्याच १३ नंबरचं. पट्टी दादा स्वतः देऊन आला. वहिनींनी मला फोनवर सांगितलं, काकींच्या सुनेला तो म्हणत होता, "एका वेळी एकच काढ गो, बाकीचे तसेच राहू देत."