कारचं इंजिन हलक्या रणगाड्यात बसवलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की कारचं इंजिन हलक्या रणगाड्यात बसवलं तर ते एवढं वजन ओढेल, की बसेल? ओढतं. नुसतं प्रयोगापुरतं नाही, आपल्याच सैन्याने अशा इंजिनांवर एक खिंड जिंकली आहे.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे एम-५ स्टुअर्ट हे हलके रणगाडे काश्मीर-लडाख वाटेवरच्या, साडेअकरा हजार फुटांवरच्या जोजिला खिंडीत शिरले. एम-५ स्टुअर्टच्या पोटात कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ (आठ सिलिंडरची) पेट्रोल इंजिनं असतात. त्याआधीच्या एम-३ मध्ये विमानाचं रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) इंजिन होतं, पण महायुद्धात ती विमानांनाच पुरेनात, म्हणून मोटारीचं घेतलं. दोन्ही मिळून साधारण २२० एचपी, आणि गाडी पंधरा टनांची. गिअरबॉक्सही मोटारीचाच, हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक, प्रत्येक इंजिनाला एक. ही जोडी मावावी म्हणून मागचा भाग पायरीसारखा वर उचललाय. फोटोत एम-५ ओळखायची तीच खूण. जोजिलाच्या उंचीवर विरळ हवेमुळे पेट्रोल इंजिनाची तीसेक टक्के ताकद आपोआप जाते. तरी ते चढले, याचा मला मेकॅनिक म्हणून फार अभिमान वाटतो.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. मी नाना पेठेत बरीच वर्षं इंजिनं उघडतोय. शिरूरकडच्या एका शेतकऱ्याने जुन्या कारचं पेट्रोल इंजिन विहिरीच्या पंपाला जोडलं होतं. तिसऱ्या आठवड्यात टेम्पोत घालून माझ्याकडे आणलं, गॅस्केट (हेडखालचं सील) उडालेलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, साफ करून त्यावर सरळपट्टी ठेवली आणि पलीकडून बॅटरी मारली, तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पट्टीखालून उजेड दिसत होता. हेडला बाक आला होता. इंजिन चांगलंच होतं हो. पण कार हायवेला ऐंशीने पळते तेव्हा त्याच्या ताकदीचा जेमतेम पाव भाग लागतो, आणि समोरून रेडिएटरवर वारा येतो तो वेगळाच. पंपावर मात्र रात्रभर फुल लोड आणि वारा नाही.

रणगाड्यात हेच होतं, उलट जास्तच. चिखलातून पट्टे ओढायचे, इंजिन चिलखताच्या पेटीत बंद, हवा जी काय यायची ती जाळीतून. त्यामुळे एचपीच्या आकड्यावर जाऊ नका. तेवढी ताकद ते तासन्‌तास देईल का आणि तेवढी उष्णता बाहेर जाईल का, हे बघा.

ब्रिटिशांनी आठ टनांच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यात जॅग्वारचं ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन टाकलं. ज्या एक्सके इंजिनाने १९५० च्या दशकात फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत पाच वेळा मारली, त्याच घराण्यातलं. पण हलक्या प्रतीचं पेट्रोलही चालावं म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी करून ते १९० एचपीच्या आसपास उतरवलं. तरी ती गाडी ताशी ऐंशी किलोमीटर पळायची. पुढे बऱ्याच गाड्यांत डिझेल इंजिन आलं. पेट्रोलला आगीची भीती असते, आणि डिझेल एका टाकीत लांब जातं.

दुसरी अडचण वळण्याची. कारमध्ये चाक वळतं आणि डिफरन्शियल फक्त दोन बाजूंचा वेग सांभाळून घेतं. रणगाडा वळतो तो एक पट्टा हळू आणि दुसरा जोरात फिरवून, म्हणून कारचं डिफरन्शियल जसंच्या तसं घालून भागत नाही. स्कॉर्पियनच्या गिअरबॉक्समध्येच वळण्याची सोय आहे, आणि सात गिअर पुढे, सात मागे.

तेव्हा खरंच काही बनवायचं डोक्यात असेल, तर कागदावर आधी रेडिएटर आणि पंख्याची जागा आखा, इंजिन नंतर निवडा. पुण्याहून नगरचं रणगाडा संग्रहालय अडीच-तीन तासांवर आहे. तिथे गेलात की तोफेचे फोटो नंतर काढा, आधी गाडीच्या मागे जाऊन हवेच्या जाळीला केवढी जागा दिलीय ते बघा.