गाजरगवत, रानगाजर आणि शेपूतला ‘शे’

जामनेरकडून प्रश्न आलाय: ‘बांधावर माजतं ते गाजरगवत म्हणजेच रानगाजर का?’ नाही, अजिबात नाही! हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले ऐकून कान किटले. गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत. कूळ सूर्यफुलाचं, मूळ अमेरिकेतलं. पुण्यात त्याची नोंद १९५५च्या सुमाराची. गाजराशी नातं चिरलेल्या पानापुरतं.

रानगाजर हे खाण्याच्या गाजराचं रानटी रूप. युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आणि मध्य आशिया हा त्याचा मुलूख. पुढे ते अमेरिकेतही पसरलं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी केसाळ दांडा आणि पांढरा फुलोरा. फुलोऱ्याच्या मधोमध पुष्कळदा एकच काळपट जांभळं फूल असतं. फळं धरली की सगळा फुलोरा आत मिटतो आणि घरट्यासारखा दिसतो. फळांना बारीक काटे असतात, ते जनावरांच्या केसांत अडकतात. मूळ मात्र बारीक, पांढुरकं, चिवट.

गाजर आणि कोथमीर एकाच कुळातली. या कुळाची खूण बघायला खान्देशाबाहेर जायला नको. बियाण्यासाठी सोडलेली कोथमीर फुलावर आली की एक फुलोरा खुडून उलटा धरा. सगळे देठ एकाच बिंदूतून निघालेले दिसतील, छत्रीच्या काड्याच जणू. गाजरगवतात तसं होत नाही; तिथे देठ वेगवेगळ्या उंचीवरून फुटतात.

आता खरी गंमत. याच कुळातला आपला शेपू म्हणजे संस्कृतातली ‘शतपुष्पा’. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तिच्याच ओळीत ‘अतिच्छत्रा’ हेही नाव आहे. म्हणजे छत्री तेव्हाच कुणीतरी नीट पाहिली होती. शतपुष्पा, मग प्राकृतात सयपुप्फा, मग शेपू. यातला ‘शे’ म्हणजे दोनशे, तीनशे, शेकडा यांतला ‘शे’! मराठीत ‘ए’च्या आधीचा ‘स’ ‘श’ होतो, त्यामुळे ‘सय’चा ‘शे’ होणं अगदी नियमातलं. ‘पुप्फ’ झिजून ‘पू’ उरला.

पानं शेपटीसारखी झुपकेदार म्हणून शेपू, असं ठासून सांगणारे अजून भेटतात. त्यांना ध्वनिनियमांशी कर्तव्य नाही. शेपटीचा ‘शेप’ वेगळा, तो वैदिक कथेतल्या शुनःशेपाच्या नावातला. बडीशेप आणि बाळंतशेप यांतली शेप मात्र शतपुष्पेचीच, आणि तीही स्त्रीलिंगीच राहिली.